काँग्रेस डॉट गव्ह: अमेरिकी व्हेटोचा माग काढताना कुठे विसंबावं, कुठे नाही

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी विधेयक नाकारलं की बातमी एका ओळीत संपते. विधेयक त्यांच्याकडे कधी पोहोचलं, मुदत कधी संपत होती, ते कोणत्या सभागृहाकडे परत गेलं, तिथे मतदान झालं का आणि किती मतं कमी पडली, हे त्या ओळीत नसतं. हा सगळा तारीखवार हिशेब काँग्रेस डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. लायब्ररी ऑफ काँग्रेस ते चालवते. २०१२ साली त्याची चाचणी आवृत्ती आली आणि २०१६ मध्ये १९९५ पासूनचं 'थॉमस' हे जुनं संकेतस्थळ बंद करून त्याची जागा याने घेतली. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना, स्पर्धा परीक्षावाल्यांना आणि स्थलांतराच्या विधेयकांवर डोळा ठेवून असलेल्या अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना याच्याइतकं भरवशाचं साधन दुसरं नाही. एक जागा मात्र अपुरी आहे आणि ती नेमकी व्हेटोच्या सर्वांत अवघड प्रकारात आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

शोधायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करायला हवी. काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, आणि तिच्या दोन वर्षांच्या प्रत्येक कार्यकाळालाही क्रमांकासह काँग्रेसच म्हणतात. विधेयकांचे क्रमांक दर दोन वर्षांनी, म्हणजे प्रत्येक नव्या काँग्रेसमध्ये, पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे 'एच.आर. ६३९५' (एच.आर. म्हणजे प्रतिनिधीगृहात मांडलेलं विधेयक, एस. म्हणजे सिनेटमधलं) एवढ्याने काहीच ठरत नाही. ते ११६व्या काँग्रेसचं आहे हेही सांगावं लागतं. मुखपृष्ठावरचा शोध मुळात चालू काँग्रेसपुरता असतो. जुना व्हेटो शोधताना 'काहीच सापडलं नाही' असं दिसलं, तर नव्वद टक्के वेळा कारण हेच. डावीकडची निवड बदलून सगळ्या काँग्रेस घ्या. मग शोधाच्या निकालांशेजारच्या गाळण्यांमध्ये विधेयकाच्या स्थितीचा गट आहे, त्यात 'व्हेटो ॲक्शन्स' ही खूण करा. व्हेटोपर्यंत गेलेली विधेयकं वेगळी निघतात.

नावाने शोधण्यापेक्षा क्रमांकाने शोधणं चांगलं. क्लिंटन यांनी डिसेंबर २००० मध्ये अडवलेलं दिवाळखोरी सुधारणा विधेयक 'एच.आर. २४१५' या क्रमांकाचं होतं. पण तो क्रमांक मुळात परदेशातल्या अमेरिकी दूतावासांच्या सुरक्षेच्या विधेयकाचा. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत आतला मजकूर पूर्ण बदलला. पानावर दोन्ही नावं सापडतात, म्हणून 'टायटल्स' हा कप्पा उघडून खात्री करावी. नाहीतर आपण चुकीच्या पानावर आलो असं वाटून माणूस मागे फिरतो.

विधेयकाच्या पानावर वरच्या बाजूला टप्प्यांची एक पट्टी दिसते: मांडलं, प्रतिनिधीगृहात मंजूर, सिनेटमध्ये मंजूर, राष्ट्राध्यक्षांकडे, आणि पुढे जे घडलं असेल ते. ही पट्टी झटपट कल्पना येण्यापुरती ठीक आहे. खरा दस्तऐवज 'ॲक्शन्स' या कप्प्यात असतो. तिथे तीन पर्याय मिळतात: ठळक टप्पे, दुरुस्त्या वगळून सर्व नोंदी, आणि सर्व नोंदी. व्हेटो समजून घ्यायचा असेल तर आधी ठळक टप्पे वाचावेत आणि मग सर्व नोंदींकडे जावं. थेट सर्व नोंदी उघडल्या तर गोंधळ होतो, कारण एकाच घटनेची नोंद सभागृहाकडूनही येते आणि लायब्ररीकडूनही. 'मंजूर झालं' दोनदा दिसलं म्हणजे मतदान दोनदा झालं असं नाही. शिवाय नोंदी ताज्याकडून जुन्याकडे लावलेल्या असतात. क्रम उलटा करून घेतला की वाचणं सोपं जातं.

या यादीतली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे 'प्रेझेंटेड टू प्रेसिडेंट'. बहुतेक लोक ती ओलांडून पुढे जातात. राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातल्या सातव्या कलमानुसार राष्ट्राध्यक्षांना रविवार वगळून दहा दिवस मिळतात आणि ते मोजायचे विधेयक त्यांच्याकडे पोहोचल्यापासून. सभागृहात मंजुरी मिळाल्याची तारीख इथे निरुपयोगी आहे. दोहोंमध्ये काही तास जातात, कधी कित्येक दिवस. पोहोचलं तो दिवस धरायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून एक म्हणायचं. वगळायचा तो फक्त रविवार. सणाची सुट्टी वगळली जात नाही, शनिवारही नाही. इथेच हिशेब चुकतो.

दोन उदाहरणं स्वतः मोजून पाहण्यासारखी आहेत. २०२१च्या संरक्षण अधिकृतता विधेयकाचं, म्हणजे एच.आर. ६३९५ चं, पान उघडा. विधेयक राष्ट्राध्यक्षांकडे गेलं शुक्रवारी, ११ डिसेंबर २०२० रोजी. शनिवार १२ हा पहिला दिवस, रविवार १३ वगळला, सोमवार १४ दुसरा, असं करत शनिवार १९ सातवा, रविवार २० पुन्हा वगळला, सोमवार २१ आठवा, मंगळवार २२ नववा आणि बुधवार २३ दहावा. ट्रम्प यांचा व्हेटो २३ डिसेंबरचा आहे, म्हणजे बरोबर शेवटच्या दिवसाचा. दुसरं उदाहरण ११४व्या काँग्रेसमधलं एस. २०४०. दहशतवादाला पाठबळ दिल्याबद्दल परकीय राष्ट्रांवर दावा लावण्याची वाट मोकळी करणारं हे विधेयक. सिनेटने ते १७ मे २०१६ रोजी मंजूर केलं, प्रतिनिधीगृहाने ९ सप्टेंबरला. ओबामांकडे ते सोमवारी १२ सप्टेंबरला गेलं आणि त्यांचा व्हेटो शुक्रवारी २३ सप्टेंबरला आला. मोजून बघा, हाही दहावाच दिवस. पूर्ण मुदत वापरण्याला कारण असतं. तेवढ्या वेळात सदस्यांची मनं वळवता येतात, संदेशाचा मसुदा घासता येतो आणि सभागृहांच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक जवळ येतं. बातमीत हे कधीच दिसत नाही. या पानावरच्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की लगेच दिसतं, आणि याच गोष्टीसाठी हे संकेतस्थळ मनापासून आवडतं.

व्हेटोनंतरची वाटही नीट मांडलेली आहे. व्हेटो मोडायचा, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा नकार डावलून कायदा करायचा, तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. विधेयक आक्षेपांसह परत जातं ते जिथे उगम पावलं त्या सभागृहाकडे. एच.आर. असेल तर प्रतिनिधीगृहाकडे, एस. असेल तर सिनेटकडे. म्हणून एस. २०४०वर आधी सिनेटने मतदान केलं: २८ सप्टेंबर २०१६, ९७ विरुद्ध १. त्याच दिवशी प्रतिनिधीगृहात ३४८ विरुद्ध ७७ आणि व्हेटो मोडला. ओबामांच्या १२ व्हेटोंपैकी मोडला गेलेला हा एकच. संरक्षण विधेयकात क्रम उलटा होता. प्रतिनिधीगृहाने २८ डिसेंबर २०२० रोजी ३२२ विरुद्ध ८७ आणि सिनेटने १ जानेवारी २०२१ रोजी ८१ विरुद्ध १३ असं मतदान केलं. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतल्या १० व्हेटोंपैकी मोडला गेला तो हाच.

मतदानाच्या आकड्याला जोडलेला दुवा प्रतिनिधीगृहाच्या किंवा सिनेटच्या नोंदीवर नेतो आणि तिथे प्रत्येक सदस्याचं मत नावानिशी मिळतं. ही सोय कुणी मेहरबानी म्हणून दिलेली नाही. व्हेटोनंतरचं मतदान हो-नाही स्वरूपात नावांसह नोंदवलंच पाहिजे, असं राज्यघटनाच सांगते.

दोन तृतीयांशाचा हिशेब मात्र संकेतस्थळ करून देत नाही, तो आपणच करायचा. ४३५ची किंवा १००ची दोन तृतीयांश घ्यायची नाही. गणसंख्या पूर्ण असेल तर हजर राहून मत दिलेल्यांची घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्येच हे स्पष्ट केलेलं आहे. सीमेवरच्या आणीबाणीच्या घोषणेविरुद्धचा संयुक्त ठराव, ११६व्या काँग्रेसमधला एच.जे.रेस. ४६, घ्या. १५ मार्च २०१९ रोजी त्यावर व्हेटो आला. २६ मार्चला प्रतिनिधीगृहात २४८ विरुद्ध १८१. एकूण ४२९, त्याचे दोन तृतीयांश २८६, म्हणजे ३८ मतं कमी. बहुमत स्पष्ट होतं, तरी पानावर निकाल 'फेल्ड' असा दिसतो. पाहणाऱ्याला ते चुकीचं वाटतं, पण चूक काही नाही. आणखी एक: पहिल्याच सभागृहात व्हेटो टिकला की दुसऱ्या सभागृहात मतदान होतच नाही. म्हणून या पानावर सिनेटचं दुसरं मतदान शोधत बसू नये. सिनेटचं ५९ विरुद्ध ४१ हे मतदान १४ मार्चचं, व्हेटोच्या आधीच्या मंजुरीचं आहे.

काही पानांवर व्हेटोनंतर मतदानाची ओळच नसते. विधेयक समितीकडे पाठवलेलं असतं किंवा चर्चा पुढे ढकललेली असते. नोंद अर्धवट राहिली असं समजू नका. फेरविचाराला दिवसांची मुदत नाही. त्या काँग्रेसची दोन वर्षं संपेपर्यंत सभागृह ते तसंच ठेवू शकतं, आणि दोन तृतीयांश मतं जमत नाहीत हे दिसत असेल तर तसंच ठेवतंही.

आता ती अपुरी जागा. दहा दिवसांत राष्ट्राध्यक्षांनी काहीच केलं नाही आणि काँग्रेस भरलेली असेल, तर सहीविना कायदा होतो. काँग्रेस तहकूब झाल्यामुळे परत पाठवणंच अशक्य झालं असेल, तर विधेयक मरतं. हाच पॉकेट व्हेटो. तो मोडता येत नाही, कारण मोडायला परत आलेलं विधेयकच नसतं. वर सांगितलेलं दिवाळखोरी विधेयक याचं स्वच्छ उदाहरण आहे. ते ७ डिसेंबर २००० रोजी पोहोचलं, १० आणि १७ हे दोन रविवार वगळून दहावा दिवस १९ डिसेंबर, आणि व्हेटोची तारीखही तीच. इथे नोंद, मुदत आणि तहकुबी तिन्ही जुळतात.

अडचण येते ती राष्ट्राध्यक्ष एक म्हणतात आणि काँग्रेस दुसरंच म्हणते तेव्हा. डिसेंबर २००७ मध्ये बुश यांनी संरक्षण विधेयक, एच.आर. १५८५, अडवलं. आपण पॉकेट व्हेटो केला असं त्यांनी म्हटलं आणि तरीही ते विधेयक प्रतिनिधीगृहाकडे परत पाठवून दिलं. प्रतिनिधीगृहाने तो साधा व्हेटो धरला आणि जानेवारीत विधेयक समितीकडे सोपवलं. पुढे एच.आर. ४९८६ हे नवं विधेयक आणून तो तिढा सोडवला. २०१० मध्ये ओबामांनी नोटरीविषयक एच.आर. ३८०८ बाबत हेच केलं: पॉकेट व्हेटो म्हणायचं आणि कागद परतही करायचे. प्रतिनिधीगृहाने १७ नोव्हेंबरला त्यावर चक्क फेरमतदान घेतलं आणि १८५ विरुद्ध २३५ असं ते पडलं. पॉकेट व्हेटो असता तर मतदानाचा प्रश्नच नव्हता. सिनेटच्या संकेतस्थळावरच्या तक्त्यात बुश यांच्या नावावर ११ साधे आणि १ पॉकेट असे १२ व्हेटो आहेत, ओबामांच्या नावावर १२ साधे आणि पॉकेट शून्य. दोघांनी एकच युक्ती केली, मोजणी वेगळी झाली. काँग्रेस डॉट गव्हच्या पानावर काँग्रेसने काय केलं ते मिळतं. राष्ट्राध्यक्षांचा दावा काय होता आणि त्यावर वाद आहे, हे तिथे कुणी सांगत नाही. मोठ्या अभ्यासासाठी हा दोष गंभीर आहे. अशा विधेयकांच्या पानावर एक छोटी टीप जोडणं लायब्ररीला जड नाही, कारण या विषयावर तिच्याच संशोधन विभागाचे अहवाल आहेत.

तोवर हे काम आपणच करायचं. राष्ट्राध्यक्षांचा संदेश किंवा निवेदन वाचण्यासाठी सरकारी छापखान्याचं गव्हइन्फो हे संकेतस्थळ घ्या, त्यात राष्ट्राध्यक्षीय कागदपत्रांचं संकलन आहे. व्हाइट हाउसच्या पानांचे दुवे जतन करून ठेवण्यात अर्थ नाही. सरकार बदललं की ती पानं हलतात आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात शोधावी लागतात. व्हेटो मोडून झालेला कायदा गव्हइन्फोवर शेवटपर्यंत वाचावा. तिथे सहीऐवजी दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांशांनी मंजूर केल्याचे ठराव आणि अधिकाऱ्यांचे दाखले छापलेले असतात.

तहकुबी म्हणजे नेमकी कोणती, हे समजण्यासाठी 'कॉन्स्टिट्यूशन ॲनोटेटेड' हा याच संकेतस्थळाचा भाग उघडा. २०१९ पासून तो नव्या रूपात आहे आणि माझ्या मते या सगळ्या सेवेतला सर्वांत सकस भाग तोच. १९२९चा पॉकेट व्हेटो खटला, १९३८चा राइट खटला, १९७४चा केनेडी विरुद्ध सॅम्पसन, हे तिन्ही निकाल तिथे एकमेकांच्या संदर्भात वाचायला मिळतात. पहिल्याने दोन अधिवेशनांच्या मधल्या तहकुबीत पॉकेट व्हेटो चालतो असं म्हटलं. दुसऱ्याने सिनेटच्या तीन दिवसांच्या छोट्या खंडात, राष्ट्राध्यक्षांचा निरोप स्वीकारायला अधिकारी हजर असताना, परत पाठवणं शक्य आहे असं ठरवलं. तिसऱ्याने एकाच अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीबाबत तोच धागा पुढे नेला. आज सभागृहं दर तीन दिवसांनी नावापुरती बैठक घेतात आणि निरोप स्वीकारायचा अधिकार आपल्या अधिकाऱ्याला देऊन ठेवतात. पॉकेट व्हेटो दुर्मीळ झाला तो यामुळे. व्हेटोचे न्यायालयाने बंद केलेले दोन प्रकारही तिथेच सापडतात: एका सभागृहाने प्रशासनाचा निर्णय रद्द करण्याचा वैधानिक व्हेटो, जो १९८३च्या चढ्ढा निकालाने गेला, आणि मंजूर कायद्यातली एखादीच तरतूद खोडण्याचा राष्ट्राध्यक्षांचा अधिकार, जो १९९६च्या कायद्याने दिला आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी रद्द केला. आजचे राष्ट्राध्यक्ष विधेयक पूर्ण स्वीकारतात किंवा पूर्ण नाकारतात.

भारतीय राज्यघटनेची सवय असलेल्यांनी इथे एक काळजी घ्यावी. आपल्या अनुच्छेद १११ मध्ये राष्ट्रपतींना दिवसांची मुदत नाही. १९८६च्या टपाल विधेयकावर झैलसिंग यांनी ना सही केली, ना ते परत पाठवलं. आणि आपल्याकडे परत आलेलं विधेयक संसदेने साध्या बहुमताने पुन्हा मंजूर केलं तरी राष्ट्रपतींना संमती द्यावीच लागते. दहा दिवस आणि दोन तृतीयांश हे दोन्ही आकडे अमेरिकेचे. उत्तरपत्रिकेत ते अनुच्छेद १११ला चिकटवले जातात, म्हणून सांगणं भाग आहे.

सूचनांची सोय चांगली आहे. फुकट खातं उघडून विधेयकाच्या पानावर 'अलर्ट' लावला की नवी नोंद पडताच ईमेल येतो. फक्त नोंदी साधारणपणे सभागृहाच्या बैठकीनंतरच्या सकाळी चढतात, आणि ती सकाळ वॉशिंग्टनची, भारतात तेव्हा संध्याकाळ. मतदान चालू असताना तासातासाची माहिती हवी असेल तर प्रतिनिधीगृहाच्या आणि सिनेटच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर जावं. व्हॉट्सॲपवर 'विधेयक पास झालं' असा निरोप फिरू लागला, तर एवढं तपासा: दोन्ही सभागृहांची मंजुरी आहे का, राष्ट्राध्यक्षांकडे गेल्याची ओळ आहे का, आणि शेवटी पब्लिक लॉ क्रमांक पडलाय का. तो क्रमांक नसेल तर कायदा झालेला नाही. एच.आर. ६३९५ला ११६-२८३ हा क्रमांक मिळाला, एस. २०४०ला ११४-२२२.

आकडेवारीवर काम करणाऱ्यांसाठी एपीआय, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅममधून थेट नोंदी मागवण्याची सोय, आहे. चावी फुकट मिळते, तासाला ५,००० विनंत्यांची मर्यादा आहे. एका विनंतीत मुळात २० नोंदी येतात, जास्तीत जास्त २५० मागता येतात. हा २०चा आकडा लक्षात ठेवा. मोठ्या विधेयकाच्या नोंदी शंभरावर जातात आणि मर्यादा वाढवली नाही तर व्हेटोची ओळ पहिल्या पानाबाहेर राहू शकते. मग आपली मोजणी शांतपणे चुकते आणि संगणक कसलीच तक्रार करत नाही.

जुन्या काळासाठी मात्र हे संकेतस्थळ पुरत नाही. तपशीलवार नोंदी भरवशाने मिळतात त्या १९७३ पासूनच्या. वॉशिंग्टन यांनी ५ एप्रिल १७९२ रोजी केलेला पहिला व्हेटो, टायलर यांचा ३ मार्च १८४५ रोजी मोडलेला पहिला व्हेटो, अँड्र्यू जॉन्सन यांचे मोडलेले १५, फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे ३७२ साधे आणि २६३ पॉकेट मिळून ६३५, या सगळ्यासाठी सिनेटचा व्हेटो तक्ता उघडावा. बायडन यांच्या कारकिर्दीअखेर त्या तक्त्यात एकूण २,५९७ व्हेटो होते आणि मोडलेले फक्त ११२. राष्ट्राध्यक्षाच्या नावावर टिचकी मारली की त्यांच्या व्हेटोंची यादी विधेयक क्रमांकांसह मिळते. तो क्रमांक आणि काँग्रेस टिपून घ्या. १९७३ नंतरचा असेल तर काँग्रेस डॉट गव्हवर परत या.